ठरलंय ना, मग जाऊ

आमच्या सोसायटीच्या बागेत, घसरगुंडीपासून लांब, मोकळ्या जागी एक स्टीलचा डबा ठेवलेला असतो. उभट, सरळ कडांचा. पूर्वी त्यात शेवया असायच्या. त्यावर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलंय : 'पर्जन्यमापक. हात लावू नये. उचलू नये. फुले वाहू नयेत.' शेवटची सूचना अनुभवातून आलेली आहे.

डबा माझ्या वडिलांचा. पहिल्याच दिवशी वॉचमनने 'बागेत बेवारस वस्तू' म्हणून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हा अण्णा बनियनवरच चार मजले खाली आले आणि त्यांनी वॉचमनला वीस मिनिटं पाऊस कसा मोजतात ते समजावून सांगितलं. तेव्हापासून वॉचमन त्यांना 'साहेब' म्हणतो. मला तो अजून फ्लॅट नंबरने ओळखतो.

अण्णा लातूर जिल्ह्यात तहसील कार्यालयात होते. आता पावसाळ्याचे चार महिने आईला घेऊन आमच्याकडे हिंजवडीत असतात. नोकरीत त्यांनी सातबारापासून निवडणुकीपर्यंत सगळं केलं, पण अंगात मुरलं ते एकच. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. आमच्या घराचाही आता तसाच. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. मग पंचनामे, मग मदत. 64 भरला तर नुसता 'दमदार पाऊस'. "एका मिलिमीटरसाठी माणसं माझ्या टेबलापुढं रडलीत," असं अण्णा सांगतात. त्यामुळे आमच्या घरात 'काल खूप पाऊस झाला' असं कुणी म्हणू शकत नाही. लगेच प्रश्न येतो, "खूप म्हंजे किती?"

हे सगळं आधी सांगितलं, कारण अशा माणसाला बरोबर घेऊन आम्ही जुलैच्या शेवटच्या रविवारी लोहगडावर गेलो.

कारण शैक्षणिक होतं. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. सगळ्यांना आनंद झाला, शाळांना जरा जास्तच झाला. धाकट्याच्या वहीत प्रकल्प आला : 'बारांपैकी एका किल्ल्यास भेट द्या. किल्ल्यासोबतचे स्वतःचे छायाचित्र चिकटवा. दहा ओळी लिहा.' हिंजवडीहून सगळ्यांत जवळ लोहगड. सोमवारी हे कळलं, मंगळवारी 'रविवारी जाऊ' असं ठरलं आणि बुधवारपासून पाऊस लागला.

इथे माझ्या व्यवसायाबद्दल एक सांगायला हवं. मी फेज तीनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं रिलीज करायचं की नाही हे ठरवणाऱ्या मंडळींत बसतो. शुक्रवारी दुपारी चार वाजता आम्ही नऊ जण एकत्र येतो आणि एखादं बटण जरा तिरपं दिसत असेल तरी सगळं मंगळवारवर ढकलतो. धोका पत्करायचा नाही, याच कामाचे मला पैसे मिळतात. त्याच मी शनिवारी संध्याकाळी हवामान खात्याचा नकाशा उघडला. पुणे शहर पिवळं. पुणे घाटमाथा नारिंगी.

"लोहगड घाटमाथ्यात येतो का?" बायकोने विचारलं.

"तांत्रिकदृष्ट्या..." मी म्हणालो.

"नारिंगी म्हंजे तयारीत राहा," अण्णा म्हणाले. "मुसळधार चौसष्ट पॉइंट पाचपासून धरतात. त्याच्या पुढं एकशे पंधरा पॉइंट सहापासून अतिमुसळधार." हवामान खात्यावर त्यांची श्रद्धा आहे. हे खातं 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. अण्णा पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हा दगडूशेठच्या आधी त्यांनी मला तिथे न्यायला लावलं होतं. बाहेरूनच बघितलं. चपला मात्र काढल्या नाहीत, एवढंच.

तर नकाशा नारिंगी. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्या क्षणी कुणीही एकाने 'राहू दे' म्हटलं असतं तर लोहगड टळला असता. पण मराठी घरात ठरलेली सहल रद्द करायला जे धैर्य लागतं ते कुणाकडेच नसतं. रद्द करणारा पुढची दहा वर्षं 'त्या वेळी यांच्यामुळेच' या वाक्यात राहतो. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने थोरलीकडे, थोरलीने मोबाइलकडे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "धपाट्याचं पीठ मळलंय गं." विषय संपला. धपाट्याचं पीठ मळलं की मग रेड अलर्ट असो, सहल निघतेच.

सकाळी साडेसहाला निघालो. माणपासून वाकडच्या पुलापर्यंत बारा मिनिटांत पोचलो. रोज याच रस्त्यावर मी तासभर असतो, अर्धा तास तर एकाच बसच्या मागे असतो. तिच्या मागच्या जाहिरातीतल्या बाईशी माझी आता चांगली ओळख झाली आहे. मोकळा रस्ता बघून मला शंका यायला हवी होती. हिंजवडीची गर्दी नाहीशी होत नसते, ती फक्त जागा बदलते. पण पहाटे माणूस आशावादी असतो.

अण्णा पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. पिशवीत काय आहे हे मी विचारलं नाही. त्यांचं लक्ष वायपरवर होतं.

"वाकडला एक-एक मारत होता," किवळ्याला ते म्हणाले. "आता पहिल्यावर गेलाय." देहूरोडला जुन्या हायवेला लागलो, तळेगावला वायपर दुसऱ्यावर गेला. कामशेत आलं तेव्हा तो जिवाच्या आकांताने हलत होता आणि तरीही समोरचा टेम्पो अंदाजानेच दिसत होता. अण्णांनी मागे वळून नातवंडांचा वर्ग घेतला. समुद्रावरनं वारं ढग घेऊन येतं, सह्याद्री आडवा येतो, ढग वर चढायला लागतात, वर गार होतात आणि वजन टाकतात. सगळं घाटावरच टाकलं की पुढं पुण्याला उरलंसुरलं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पुण्याला सातशेच्या आसपास.

"आणि लातूरला?" धाकट्याने विचारलं.

"आपल्याला आठशे धर. पडला तर." अण्णा वायपरकडे बघत राहिले. "न पडल्यावर रेल्वेनं येतं." एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आलं, तेव्हा ते बघायला स्टेशनवर जमलेल्या गर्दीत अण्णाही होते. किती लिटर, किती वॅगन, सगळं वहीत आहे.

कार्ला फाट्यावरून मळवली-भाज्याकडे वळलो आणि हिंजवडी सापडली. सोमवार ते शुक्रवार भूमकर चौकात जी माणसं माझ्या आजूबाजूला असतात तीच त्याच गाड्यांतून, त्याच क्रमाने उभी होती. फरक एवढाच की आता काचा खाली होत्या आणि हात बाहेर काढून लोक पाऊस चाखत होते. भाज्यातून गायमुख खिंडीकडे चढणाऱ्या वळणांवर आम्ही पाऊण तास काढला. डावीकडे विसापूर असतो, उजवीकडे लोहगड. त्या दिवशी दोन्हीकडे पांढरं होतं.

लोहगडवाडीत गाडी लावली. आईचे गुडघे पायऱ्यांचे नाहीत, म्हणून तिला एका घरगुती हॉटेलात चुलीपाशी बसवलं. 'मी बसते की इथं, तुम्ही या जाऊन' हे ती इतक्या पटकन म्हणाली की तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. जाताना तिने आपली छत्री माझ्या हातात दिली. गडावर छत्री नेऊ नये हे मला माहीत होतं, पण आईने दिलेली छत्री नाकारणंही ठरलेली सहल रद्द करण्यासारखंच आहे.

तिकीट काढून चढायला लागलो. पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवरून पाणी असं उतरतं की आपण ओढ्यातून उलटे चाललोय असं वाटतं. शंभर रुपयांत घेतलेले पातळ रेनकोट पहिल्या वाऱ्यात फुगले. निळे, गुलाबी, पारदर्शक असे शेकडो फुगे वर सरकत होते. आत घामाने, बाहेर पावसाने, रेनकोट दोन्ही बाजूंनी निष्पक्षपणे ओला होता. वाटेत कणसं भाजणारे बसले होते आणि त्या कणसांवर माकडं नजर ठेवून होती. थोरलीने कणीस घेतलं, मीठ-तिखट लावून घेतलं, लिंबू पिळून घेतलं. मग एका माकडाने ते तिच्या हातातून घेतलं, शांतपणे, वेटरने ताट उचलावं तसं.

लोहगडाला एकामागोमाग चार दरवाजे : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. त्यांच्यामधली वाट नागमोडी, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला तटबंदी. वर येणारा शत्रू वळणावर अडकावा, मागच्याला पुढचं दिसू नये, गर्दी जितकी जास्त तितकी तिचीच तिला अडचण व्हावी, असा त्यामागचा विचार. हा विचार अजून उत्तम चालतो. जुलै 2023 च्या एका रविवारी इथे इतके लोक चढले की काही तास कुणाला वरही जाता येईना आणि खालीही. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. पेशवाईत नाना फडणीसांनी आपला खजिना या गडावर का ठेवला हे त्या व्हिडिओंतून जितकं समजतं तितकं पुस्तकातून समजत नाही.

आम्ही गणेश दरवाजाच्या वर अडकलो. पुढे पाठी, मागे पोटं. एक बाई सारखं 'पुढे काय झालंय?' विचारत होती आणि पुढून तोच प्रश्न मागे येत होता. माझ्या कानाशी एक गुलाबी रेनकोट म्हणाला, "तुम्ही चौथ्या मजल्यावर ना?" मी होतो. तो पाचव्यावर. तीन वर्षं एकाच लिफ्टमध्ये आम्ही दोघं मोबाइलकडे बघत उभे राहिलो होतो. कड्याच्या टोकाशी, बुटांत पाणी घेऊन, आमची ओळख झाली. त्यालाही मुलाचा प्रकल्प होता.

तेव्हा अण्णा पुढे झाले. तहसील कार्यालयात अनुदानाच्या रांगा ज्याने लावल्या आहेत त्याला चार दरवाजे काहीच नाहीत. एका दगडावर चढून त्यांनी आवाज लावला, "उतरणारे तटाच्या बाजूनं! चढणारे थांबा! लेकरं मधी घ्या!" आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. आपल्याकडे पावसात उभं राहून जो मोठ्याने बोलतो तो अधिकारी असतो. दहा मिनिटांत वाट सुटली. एका तरुणाने जाता जाता "थँक्यू सर, पुरातत्त्व खातं का?" असं विचारलं. अण्णांनी नाही म्हटलं नाही.

वर पोचलो.

वर काय होतं ते सांगणं अवघड आहे, कारण काही नव्हतं. दुधात पडल्यासारखं पांढरं. दोन हातांवरची थोरली दिसत होती, चार हातांवरची बायको ऐकू येत होती. मी इंटरनेटवरून जे वाचून आलो होतो ते बोट दाखवून सांगायला लागलो. "तिकडे पवना धरण. हा समोर तुंग, त्याच्या बाजूला तिकोना. आणि तो विंचूकाटा, डोंगराची लांबलचक सोंड आहे, अगदी विंचवाच्या नांगीसारखी." धाकटा बोटाच्या दिशेने बघायचा आणि मान हलवायचा. आजूबाजूला अनेक बाप असंच पांढऱ्यात बोटं दाखवत होते. दोघांची पवना धरणं एकमेकांच्या पाठीमागे होती.

फोटोचा प्रश्न होता. 'किल्ल्यासोबतचे छायाचित्र.' मी धाकट्याला एका ओल्या दगडाशी उभं केलं. दगड किल्ल्याचा आहे, यावर आमचं एकमत झालं. क्लिक करणार एवढ्यात वारा आला आणि आईची छत्री उलटी झाली, मग आणखी उलटी झाली, मग नुसत्या काड्या राहिल्या. कापड गेलं. कुठल्या दिशेला गेलं ते दिसलं नाही.

"बाबा, घरी जाऊ या?" थोरली म्हणाली. पाच दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हे वाक्य उच्चारलं होतं. सगळे कृतज्ञतेने वळले, आणि तेव्हा दिसलं की अण्णा नव्हते.

ते थोडे पुढे, मोकळ्या सपाटीवर उकिडवे बसले होते. पिशवी उघडी. समोर शेवयांचा डबा. चारी बाजूंनी दगड लावून सरळ उभा केलेला.

"वीस मिनिटं थांबा," ते घड्याळ बघत म्हणाले. "डब्याच्या जवळ उभं राहू नका, वारं अडतंय."

एरवी या वाक्यावर बायको काहीतरी बोलली असती. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कुणी बोललं नाही. माणूस आयुष्यभर मिलिमीटर मोजत आला, बहुतेक वर्षी 'कमी' लिहीत आला, आणि आता डब्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत होता. डबा भरायला लागला की आवाज बदलतो. सुरुवातीला टणटण, मग बुडबुड. ते कान लावून बसले होते. मग म्हणाले, "इतकी माणसं पैसे देऊन भिजायला आलीत बघ." त्यांना हसायचं होतं की आणखी काही, ते कळलं नाही. पुढे म्हणाले, "हे सगळं पाणी जायलंय कुठं?"

दक्षिणेकडचं पवनेत, मी सांगितलं. उत्तरेकडचं इंद्रायणीत. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं.

"आणि आपल्या सोसायटीत?"

आपल्या सोसायटीत जुलैतही टँकर येतो. हे त्यांना माहीत होतं. टँकरच्या फेऱ्याही वहीत आहेत.

अकराव्या मिनिटाला तीन तरुण धुक्यातून आले. दगडांनी वेढलेला डबा, त्यापुढे हात जोडल्यासारखा बसलेला वृद्ध गृहस्थ. एकाने आदराने बूट बाजूला काढले, वाकून नमस्कार केला आणि डब्यात दहा रुपयांचं नाणं टाकलं. टण्ण.

अण्णा उठले. मी त्यांना इतकं संतापलेलं फक्त एकदा पाहिलंय, मी बारावीला कॉपी केली तेव्हा. पण नाणं काढायला हात घालावा तर हाताबरोबर पाणी जाणार. न काढावं तर पातळी चुकणार. तरुण घाबरून 'सॉरी बाबा' म्हणाले आणि धुक्यात गेले. नाणं तळाशी राहिलं. वीस मिनिटं झाल्यावर धाकट्याची कंपासपेटीतली पट्टी पाण्यात उभी करून अण्णांनी मोजलं, दोनदा मोजलं, आणि मग नाण्यामुळे किती वर आलं असेल त्याचा हिशेब धाकट्याला तोंडी करायला लावला. डबा चार इंच व्यासाचा. उत्तर मिलिमीटरचा दहावा भाग आलं. प्रकल्पाच्या दहा ओळींतल्या सहा ओळी त्याने याच्यावर लिहिल्या.

खाली आलो तेव्हा आमच्यातलं कोरडं माणूस एकच होतं. आई चुलीपुढे पाटावर बसून गरम कांदाभजी खात होती, आणि हॉटेलच्या मावशींच्या सुनेला धपाट्यात ज्वारीचं पीठ किती घालायचं ते सांगत होती. चार तासांत तिला लोहगडवाडी पाठ झाली होती. भाताची लावणी कुणाची उरकली, कुणाची राहिली, कुणाचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, कुणाची मुलगी हिंजवडीत आहे. आम्ही ओल्या कपड्यांनी बाकावर टेकलो तेव्हा मावशींनी पुढ्यात पिठलं-भाकरी ठेवली.

"तुम्ही जाता का हो वर?" बायकोने विचारलं.

"पावसाचं?" मावशींनी आमच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "पावसाचं काय दिसतंय वर? आम्ही जातो दिवाळीनंतर."

परतीच्या रस्त्यावर, तळेगावच्या अलीकडे, वायपर दुसऱ्यावर आल्यावर, खरी माहिती बाहेर आली. थोरलीला शनिवारीच जायचं नव्हतं. बायकोला शुक्रवारीच नव्हतं; ती मी नाही म्हणेन म्हणून वाट बघत होती. मी ती नाही म्हणेल म्हणून. धाकट्याला गुगलवरचा फोटो चालला असता, बाईंनी तशी परवानगी दिली होती, पण ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि धपाट्याचं पीठ?

"ते तर मी घरीच खायला मळलं होतं," आई म्हणाली. "मला वाटलं एवढ्या पावसात कोण जातंय."

कुणी काही बोललं नाही. वाकडच्या पुलावर सगळी हिंजवडी आमच्यासोबत परत येत होती, त्याच क्रमाने.

दुसऱ्या दिवशी साडेआठला अण्णांनी बागेतलं माप घेतलं. लोहगडाहून परत आल्यावर डबा धुऊन लगेच जागेवर ठेवला होता, त्यामुळे आदल्या दिवसाची नोंद अर्धवट होती आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. मग वही माझ्यापुढे केली. निळ्या शाईत, तहसीलच्या वळणदार अक्षरात :

'लोहगड. वेळ 20 मिनिटे. पर्जन्य 13 मि.मी. (नाणे वजा जाता). जमा रुपये 10, नातवास दिले. नुकसान : छत्री 1. दृश्य : निरंक.'